बाहेरची कडी

“बाहेरून कडी घालू नकोस, तिशा. दार नुसतं लोटून घे.”

मी शाळेला निघाले की आतून आत्तीचा आवाज यायचा. रोज. तिनं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही, पण हे वाक्य दोन खोल्या ओलांडून बरोबर माझ्यापर्यंत पोचायचं. मला वाटायचं, हा आपल्या धर्मातलाच एक नेम. पाणी गाळून प्यायचं, दिवे लागायच्या आत जेवून घ्यायचं, कांदा-बटाटा खायचा नाही, सकाळ-संध्याकाळ सामायिकाला बसायचं, आणि दाराला बाहेरून कडी घालायची नाही. आत एखादं पाखरू, किडामुंगी अडकून राहील म्हणून असेल, असा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. एकदा पाठशाळेत बाईंनी नेम विचारले तेव्हा मी उभी राहून हाही सांगितला. सगळी पोरं हसली. घरी येऊन आत्तीला सांगितलं, तर ती हसली नाही.

“पाळतेस ना? मग झालं,” म्हणाली.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, रत्नमाला. मी नऊ महिन्यांची असताना ती सासरहून जयसिंगपूरला आमच्याकडे आली आणि परत गेली नाही. का, ते घरात कुणी बोलत नव्हतं. तिला तिची एक खोली होती, दोन पांढऱ्या साड्या होत्या आणि कपाटातला एक खण. त्यात जपमाळ, पाणी गाळायचं जाड फडकं आणि पिवळ्या मुठीचा एक स्क्रू ड्रायव्हर. तो तिथं कशाला, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. लहानपणापासून जे बघतो ते विचारावंसं वाटत नाही.

मी कोल्हापूरला कॉलेजात सिनेमा-पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळची एसटी धरायची आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचं. वर्गात सगळ्यांना माहीत होतं की त्रिशला कँटीनमधला वडा खात नाही आणि पाणी स्वतःच्या बाटलीतलं पिते. चिडवायचे. मी हसून सोडून द्यायची. भांडणं मला जमत नव्हतं. अजूनही फारसं जमत नाही.

एका सोमवारी दाभोळे सर वर्गात आले ते हातात खडू घेऊनच.

“मानसिक थरारपट. दोन मिनिटांची सुरुवात करायची, सिनेमाचं नाव पडद्यावर येईपर्यंतची. भूत नको, डोकं हवं. सांगा, काय काय आठवतं?”

पोरं ओरडायला लागली. ठिबकणारा नळ. फुटका आरसा. चेहरे खरवडलेले फोटो. अंधारा जिना. बाहुली. सर फळ्यावर लिहीत गेले. मग मागच्या बाकावरून अभिराज इंगवले म्हणाला, “पुटपुटणारी बाई, सर! एकदम देवाधर्मातली. हातात माळ. आणि शेवटी तिच्याच पदराखालून सुरी निघते.”

वर्ग हसला. मीही हसले. हे सांगितलं पाहिजे.

“बरोबर,” सर म्हणाले. “ह्या सगळ्या ठरलेल्या खुणा. त्या वापरा. खुणा नसतील तर प्रेक्षक तुमच्या घरात पाऊलच टाकणार नाही. पण नुसत्या खुणाच असतील तर आत येऊन झोपेल. शुक्रवारी पाच वाजता मला टेप पाहिजे. पाच म्हणजे पाच. यातलं जे चांगलं निघेल ते पुण्याच्या महोत्सवाला जाईल.”

आमच्या गटात तिघं होतो. अभिराज दिग्दर्शक, संकलनही त्याचंच. शिरीन मुजावर कॅमेऱ्यावर. आणि लिहिणं, माणसं गोळा करणं, वेळेवर पोचणं ही उरलेली सगळी कामं माझी. अभिराज वाईट मुलगा नव्हता. त्याच्या वडिलांचं गॅरेज होतं आणि ‘सिनेमा काय करतोस, पंक्चर काढ’ असं त्याला घरी रोज ऐकावं लागायचं. पुण्याचा महोत्सव त्याला कसा हवा होता ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं.

“मला एक अशी बाई पाहिजे,” तो चहाच्या टपरीवर म्हणाला, “जी हलतच नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आता हलेल, मग हलेल. आणि ती हलत नाही. नाद खुळा!”

“आमची आत्ती अठ्ठेचाळीस मिनिटं हलत नाही,” मी म्हणाले.

मी ते अभिमानानं बोलले होते. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं झालं.

मग त्यांना सामायिक काय ते सांगावं लागलं. एका जागी बसायचं, दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. अंग स्थिर, बोलणं बंद. मनात जप, फार तर ओठ हलतील. कुणी आलं, गेलं, हाक मारली, तरी उठायचं नाही, बोलायचं नाही. एकदा बसलं की तेवढा वेळ आपण कुणाचे नसतो.

“भारी,” अभिराज म्हणाला. “लई भारी.”

गुरुवारी दुपारी तिघंही आमच्या घरी. आत्तीनं ऐकून घेतलं. तिला सिनेमा पाहून पंचवीस वर्षं झाली असतील, पण तिनं नाही म्हटलं नाही. उलट चष्मा पुसून पदर नीट केला.

“मी काय करायचं, ते सांगा.”

“काही नाही, आत्ती. तुम्ही नुसतं बसायचं. भिंतीकडं बघत.”

“आणि?”

“आणि प्रेक्षकाला भीती वाटणार.”

“माझी?”

“तुमची नव्हे हो, त्या पात्राची. ती वेडी आहे.”

“कशावरून?”

अभिराज म्हणाला, “म्हणजे… ती बोलत नाही. हलत नाही. जेवत नाही. एकटीच पुटपुटते. असल्या सिनेमात असं असलं की लोकांना कळतंच.”

मला वाटलं, आता ही उठून आत जाणार. पण तिनं एवढंच विचारलं, “आणि तिला काय वाटतं, ते कधी कळतं?”

“शेवटी. सुरी काढल्यावर.”

शिरीन हसू दाबत म्हणाली, “आत्ती, ह्याच्या सगळ्या बायका शेवटी सुरीच काढतात.”

“मग आमच्या स्वयंपाकघरातली विळीच घ्या,” आत्ती म्हणाली. “सुरी कुठं आहे आमच्याकडं?” आणि सगळी हसली, तीही.

तिची एकच अट होती. “तुम्ही सांगाल तशी बसेन. पण माझ्या खऱ्या सामायिकाला कॅमेरा नको. तो वेळ माझा नसतो, मग तुम्हाला कुठनं देऊ?”

“शपथ, आत्ती,” अभिराज म्हणाला. मीही म्हणाले, “मी बघते. कॅमेरा लागणार नाही.” माझा शब्द वेगळा होता. मी तिची भाची होते.

तासभर शूटिंग चाललं. नळ झाला, जिना झाला. आईच्या जुन्या आरशात आत्तीचा अर्धा चेहरा घेतला. मग अभिराजला दाराचा शॉट हवा झाला: बाहेरून एक हात येतो आणि कडी घालतो. तो पुढच्या दाराशी गेला, मधल्या दाराशी गेला, माडीवर जाऊन खाली आला.

“आत्ती, तुमच्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नाही! नुसती भोकं आहेत स्क्रूची. चार चार.”

“हो,” आत्ती म्हणाली. नसलेली कडी घालू नकोस म्हणून ती मला रोज बजावते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं; नेम म्हणून ऐकत आले होते, दाराला कडी आहे का ते कधी बघितलंच नव्हतं.

“काढल्या कुणी?”

“मी.”

“सगळ्या?”

“आले त्याच आठवड्यात.” ती विळी जागेवर ठेवत होती. “कडी असलेलं दार पाहिजे ना तुला? दाखवीन मी. खरं दार आहे, शिसवी. शब्द देते. पण आज नको.”

“राहू दे हो. कुठलंही चालतंय. कॉलेजचं घेऊ.”

“मी शब्द दिलाय,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

साडेपाचला आम्ही जेवून घेतलं. अभिराज आणि शिरीननंही भाकरी खाल्ली. शिरीन कॅमेरा घरीच ठेवून जादा बॅटरी बघायला चौकातल्या दुकानात गेली. अभिराज म्हणाला, मी सामान आवरतो. आत्ती तिच्या खोलीत चटईवर बसली, शेजारी मी. पश्चिमेच्या खिडकीतून शेवटचं ऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं. मी डोळे मिटले.

दहाएक मिनिटं झाली असतील. माझ्या एका अंगाला, दाराच्या दिशेला, मला एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक, मच्छरासारखा, पण एका सुरात. टेप फिरण्याचा आवाज. मी दिवसभर तो ऐकत होते, मला चुकणार कसा?

उठायचं नसतं. बोलायचं नसतं. मी स्वतःला सांगितलं, घड्याळाचा असेल. मग सांगितलं, सामान आवरताना चुकून बटण दाबलं गेलं असेल. मी जप करत राहिले आणि आवाज येत राहिला. उठल्यावर बघितलं, तर कॅमेरा पिशवीत होता आणि अभिराज अंगणात माझ्या वडिलांशी, अण्णांशी, उसाच्या भावाबद्दल बोलत होता.

मी विचारलं नाही.

शुक्रवारी माझा शेवटचा तास सुटून मी संकलनाच्या खोलीत गेले तेव्हा चार वाजून गेले होते. खोली म्हणजे जुनं कोठार. कोपऱ्यात एक मशीन, एक टेबल, एक चाकांची खुर्ची. अभिराजचे डोळे लाल झाले होते. त्यानं मला खुर्चीत बसवलं.

“बघ आता.”

नळ ठिबकत होता. जिना. आरशात अर्धा चेहरा. मग काळा पडदा, आणि खालून वर येणारी एक घरघर, पोटात शिरणारी. आणि मग आत्ती. चटईवर, खिडकीतलं शेवटचं ऊन खांद्यावर. कॅमेरा दाराच्या फटीतून तिच्याकडं बघत होता. ओठ हलत होते. त्यानं ते संथ केलं होतं, त्यामुळं ते ओठ माणसाचे वाटत नव्हते. ती हलत नव्हती. घरघर वाढत होती. मध्येच विळीचं पातं चमकून गेलं. फटीला लागून, चौकटीच्या कडेला, माझी वेणी दिसत होती. थरथरत्या अक्षरांत नाव आलं.

मला खरंच भीती वाटली. माझ्या आत्तीची.

“कसंय?” अभिराज म्हणाला. “अंगावर काटा आला का नाही?”

“हे सामायिक आहे.”

“अगं, तोच तर जीव आहे! दुपारी बसल्या तेव्हा त्या बसायचं काम करत होत्या. हे बघ की, हे खरं आहे.”

“तिनं नको म्हटलं होतं. तू शपथ घेतलीस.”

“चुकलं. मान्य. पण त्यांना कुठं कळणार आहे? त्या पुण्याला येणार आहेत का?” मग तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “त्रिशला, सगळ्या सिनेमात असतंय हे. माळ दिसली, पुटपुटणं दिसलं, की लोकांना खूण पटते. हिचं डोकं फिरलंय. सरांनीच सांगितलं ना, खुणा वापरा.”

“तिचं नाव रत्नमाला आहे.”

“म्हणजे?”

“तेवढा शॉट काढ.”

“काढला तर काय उरतंय? नळ? पाऊण तास राहिलाय. मी स्टोअरमधून कोरी टेप आणतो, त्यावर हे उतरवायचं आणि टेप द्यायची. तू डोकं थंड कर.”

तो गेला. मी पडद्याकडं बघत राहिले. पुसून टाकायचं मला येत नव्हतं आणि येत असतं तरी त्याची रात्रीची मेहनत पुसायला माझा हात धजला नसता. मी मशीन रीतसर बंद केलं. खुर्ची बाजूला सारली, कारण तिला चाकं होती. मशीनचं भिंतीतलं बटण जिथं खाली होतं, तिथं जमिनीवर रुमाल टाकला आणि पाठ बटणाला लावून बसले. घड्याळात चार वीस झाले होते. दोन घटिकांचा नेम मनात घेतला आणि डोळे मिटले.

अभिराज आला. आधी हसला. “ए, ऊठ. मस्करी नको.” मग त्याला कळलं. “त्रिशला, पाया पडतो तुझ्या. ऊठ.” मग तो चिडला. मग पुन्हा गयावया. “माझा बाप मला गॅरेजात बसवेल, तुला माहितीय.” ते मला लागलं. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मी पुसायला हात उचलला नाही. दाराशी पोरं जमली. कुणीतरी म्हणालं, “संपावर बसली रे!” कुणीतरी म्हणालं, “उचला दोघं मिळून, चाळीस किलोची तर आहे.”

पावलं जवळ आली. तेवढ्यात शिरीनचा आवाज आला.

“हात लावायचा नाही. नमाजात उभ्या असलेल्या माणसाला कुणी हात लावतं का? माझी अम्मी उभी असते तेव्हा दारात पोस्टमनसुद्धा थांबतो.”

“तुझा पण सिनेमा आहे हा!”

“माझाच कॅमेरा होता, अभ्या. आणि तो शॉट मी घेतला नाही.”

पावलं थांबली. कुठल्याशा वर्गातली पाचची घंटा ऐकू आली. मी उरलेली आठ मिनिटं बसले. डोळे उघडले तेव्हा समोर दाभोळे सर त्या चाकांच्या खुर्चीत बसले होते.

“देवाला बसली होतीस का संपाला?”

“दोन्ही, सर.”

मी एवढी हळू बोलले की त्यांना पुढं वाकावं लागलं. मी त्यांना सगळं सांगितलं. शॉट, शपथ, टेपचा आवाज. मला तो ऐकू आला होता, हेसुद्धा. अभिराज तोंड वळवून उभा होता. “फळ्यावरची ती एक खूण मी देणार नाही, सर. प्रार्थना करणारी बाई वेडी, ही. मार्क कापा. नापास करा. पण माझ्या घरातून ती खूण जाणार नाही.”

सरांनी खुर्ची इकडून तिकडं फिरवली.

“खूण नाकारायचा तुला हक्क आहे,” ते म्हणाले. “पण नुसतं नाही म्हणून सिनेमा होत नाही. तिच्या जागी काय? सोमवारी दहा वाजता. तिघांचे दहा दहा मार्क गेले.”

ते गेल्यावर अभिराज एवढंच म्हणाला, “तिच्या जागी काय? माझं कपाळ?”

एसटीतून उतरले तेव्हा दिवस बुडाला होता. त्या दिवशी जेवण नव्हतं. आत्ती तिच्या खोलीत, सामायिक आटोपून बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल.

“राग घेऊन बसलीस,” ती म्हणाली.

“आत्ती, मी तुझ्यासाठी…”

“माझ्यासाठी बसलीस, त्याच्यावर बसलीस, घड्याळावर बसलीस. ते सामायिक झालं नाही, तिशा. काठी झाली. एखाद्या पहाटे परत कर.”

मी मान खाली घातली. मग रडायलाच लागले. “मला काल आवाज आला होता. तेव्हा उठले नाही. म्हणून आज बसले.”

“मलाही आला होता,” ती म्हणाली.

मी वर बघितलं.

“मी पण नाही उठले. उठता येत नाही म्हणून नव्हे. दाराच्या फटीतून कुणीतरी बघतंय, ते मला अंगाला कळतं. जुनी सवय आहे. तेव्हाही उठले नव्हते.”

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पाणी गाळताना असतो तेवढा.

“लग्न झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची. सासरी कुणी सामायिकाला बसत नव्हतं. मी माझी खोलीत बसायची. सासूबाईंनी एकदा हाक मारली, मी ओ दिली नाही. त्यांनी फटीतून बघितलं. मी हलत नाही, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. त्यांना वाटलं, झटका. दुसऱ्या दिवशी दिरानं बघितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायका आल्या, फटीतून बघायला. मग दिरानं बाहेरून कडी घातली. मी काही करीन म्हणून.”

“किती दिवस?”

“अकरा. ताट यायचं ते दिवे लागल्यावर. मी दिवे लागल्यावर जेवत नाही, हे त्यांना माहीत होतं. सकाळी ताट तसंच. म्हणायचे, बघा, अन्न पण घेत नाही. सकाळचं कधी यायचं, कधी नाही. पाणी पदरातून गाळून प्यायले.”

“आणि काका?”

“ते गप्प होते. शेवटपर्यंत गप्पच गेले.”

“तू ओरडली नाहीस?”

“ओरडले असते तर वेडीच ठरले असते ना. आणि नाही ओरडले, तरी वेडीच.” ती जरा हसली. “बाराव्या दिवशी नागपंचमी. अण्णा माहेरी न्यायला आले. त्यांनी कडी काढली. मी माझी चटई गुंडाळली आणि चालत बाहेर आले.”

बाहेर आई कुकर घासत होती, त्याचा आवाज येत होता. मी दाराकडं बघितलं. चार भोकं.

“तुमच्या त्या सिनेमात,” आत्ती म्हणाली, “कॅमेरा कुठं उभा होता?”

“दाराबाहेर. फटीशी.”

“म्हणजे माझ्या दिराच्या जागी.”

मला एकदम पडदा दिसला. तीच घरघर, तोच नळ, तीच न हलणारी बाई. आणि माझी मीच घाबरलेली.

“नळ राहू दे,” आत्ती म्हणाली. “अंधार राहू दे. लोकांना भिववायचं ते खुशाल भिववा. पण कॅमेरा आत आणून ठेव, माझ्या चटईवर. मग कडीचा आवाज येऊ दे. मग ताट सरकू दे दाराखालून, खिडकीत अंधार झाल्यावर. बघू, तेव्हा भीती कुणाची वाटते.”

शनिवारी अभिराज एकटाच आला. अंगणातच उभा राहिला, चप्पल काढेना. आत्ती बाहेर आली.

“चुकलं, आत्ती,” तो म्हणाला. “तो शॉट पुसला. शिरीनसमोर पुसला.”

“बरं केलंस. जेवलास का?”

“आत्ती, आता दाखवायला काहीच नाही.”

“तुला शब्द दिला होता ना मी, दार दाखवीन म्हणून? उद्या सकाळी आठला कॅमेरा घेऊन ये.”

“कुठं जायचंय?”

तिनं सासरच्या गावाचं नाव घेतलं. ओसरीवर पेपर वाचणारे अण्णा ताडकन उठले.

“रत्ना, त्या उंबऱ्यावर आपल्या घरातलं कुणी पाय ठेवणार नाही, हे ठरलंय.”

“तुम्ही ठरवलंत, अण्णा. वीस वर्षं मी मोडलं नाही. पण आता मी ह्या पोराला शब्द दिलाय.”

“आत घेतील का तुला?”

“मला तिथून कुणी काढलं नव्हतं. मी निघाले होते.” मग सहज सांगावं तसं म्हणाली, “मघाशी फोन केला दिरांना. म्हटलं, रविवारी येते, बरोबर तीन माणसं आहेत, चहा ठेवू नका. ते म्हणाले, कशाला? म्हटलं, खोली बघायला.”

“मग?”

“मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी ठेवून दिला.”

अण्णा पेपराची घडी करत राहिले, जास्तीच बारीक. “मी येऊ?”

“तुम्ही एकदा आला होता, अण्णा. तेवढं पुरे आहे.”

रविवारी आम्ही दोघी पहाटे सामायिकाला बसलो. मी शुक्रवारचं परत केलं. ह्या वेळी मनात कुणी नव्हतं. निदान फार वेळ नव्हतं. उठल्यावर आत्तीनं पाणी गाळून बाटली भरली. धुतलेली पांढरी साडी नेसली. चटई गुंडाळून मला दिली.

“हीच का?” मी विचारलं.

“हीच.”

बाहेर अभिराज आणि शिरीन येऊन उभे होते. कॅमेरा या वेळी शिरीनच्या गळ्यात होता. आत्तीनं खण उघडला. जपमाळ घेतली, फडकं घेतलं. मग पिवळ्या मुठीचा तो स्क्रू ड्रायव्हर पदराला पुसला आणि पिशवीत बाटलीशेजारी उभा ठेवला.

“आत्ती, हा कशाला?”

“आधी तुमचं शूटिंग होऊ दे,” ती म्हणाली. “कडीचा आवाज नीट घ्या. पुन्हा मिळायचा नाही.”

तिनं चपला घातल्या. आम्हाला पुढं जाऊ दिलं, मागं वळून दार नुसतं लोटून घेतलं आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.